दोरीपलीकडचं कोहळं

वानखेडेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती सांबार मागायला.

मी वाफ्यात वाकून मेथीतलं गवत काढत होते. "बाई, थोडा सांबार देता का जी?" असं कानावर आलं म्हणून वर पाहिलं. समोर एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उभी. साडीवरून पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घातलेला, आणि डोक्यावर मुलाच्या कंपनीची टोपी. मी म्हटलं, "इथं भाज्या लावतात. सांबार पाहिजे तर उडप्याचं हॉटेल चौकात आहे." ती हसली नाही आणि रागावलीही नाही. सरळ माझ्या कडेला येऊन बोट दाखवून म्हणाली, "हा काय, एवढा तर हाये." बोट कोथिंबिरीकडे होतं.

तिच्या अमरावतीकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. मी चार काड्या दिल्या. तिनं मागितल्या होत्या त्या मुळासकट. जाऊन लगेच आपल्या वाफ्यात लावल्या. खायला नकोच होत्या तिला.

मी जन्मभर कसब्यात राहिले. चौथीपर्यंत शिकले आणि पुढं लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. म्हातारपणी मुलानं वारज्यात फ्लॅट घेतला नि मला उचलून आणलं. तिथून पुढे डोंगराच्या बाजूला एका शेतकऱ्यानं आपली पडून असलेली जमीन तुकडे पाडून भाड्यानं द्यायला काढली होती. एकेक तुकडा खोलीएवढा, मधे हद्दीला निळी नायलॉनची दोरी. मुलानं त्यातला एक माझ्या नावावर घेतला. आईला विरंगुळा, असं तो लोकांना सांगायचा. मी दिवसभर घरात बसून सुनेला बोलू नये म्हणून घेतला, एवढं मला कळत होतं.

वानखेडेबाईचं तसं नव्हतं. नवरा गेल्यावर मुलानं गावाकडचं घर विकून तिला इथं आणायचं ठरवलं, तेव्हा तिनं अट घातली होती: पायाखाली माती नसेल तर मी येत नाही. मुलगा कॉम्प्युटरवाला. त्याला वाटलं, गॅलरीत चार कुंड्या ठेवू. ती आली, कुंड्या पाहिल्या, आणि सामान सोडायच्या आधी परतीचं तिकीट काढायला सांगितलं. मग तिला हा वाफा मिळाला.

मी तिला तोंडावर अहो-जाहो करायची. मनात मात्र पहिल्यापासून 'ही'च म्हणायची. कारण तिच्यात मोठेपणाचं काही नव्हतं. असेल तर हट्ट होता. ती रोज पायी यायची. मुलानं मोटार ठेवली होती, सून स्कूटरवर सोडते म्हणायची. ही म्हणायची, मोटारीत बसून शेतात जायला मी काय कलेक्टर आहे? आली की चप्पल दोरीपाशी काढायची. चप्पल घालून मातीत गेलेली मी तिला कधी पाहिली नाही. कोणी विचारलं तर सांगायची, पायाला कळतं, पाणी देऊ की नको ते.

मुलानं तिला एक यंत्र आणून दिलं. ठरल्या वेळी आपोआप पाणी सोडायचं ते, मोबाईलवरून. तिनं त्याच्या बारीक नळ्या कापून वांग्यांना आधाराला बांधल्या. पुढच्या रविवारी मुलगा बघायला आला, तेव्हा म्हणाली, "फार कामाचं निघालं बापा, अजून आण." तो बिचारा आपल्या नळ्या ओळखत उभा राहिला.

बियांना कीड लागू नये म्हणून ती बी राखेत ठेवायची. आता पुण्यात चूल कुठली आणि राख कुठली? पण हिनं शोधून काढली. त्यांच्या सोसायटीच्या दाराशी इस्त्रीवाला बसायचा, अजून कोळशाची इस्त्री वापरणारा. त्याच्याकडून तिनं एक तांब्याभर राख मागून घेतली, वर फडकं बांधलं आणि लिफ्टमध्ये चढली. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई होत्या. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, कोण गेलं हो? ही म्हणाली, "कोणी नाई जी. वांग्याचं बी हाये." संध्याकाळपर्यंत सगळ्या सोसायटीत झालं की वानखेड्यांची आई दुःखानं भ्रमिष्ट झाली आहे. सून रडली. ही मला सांगताना म्हणाली, चांगलं झालं, आता कोणी माझ्याशी उगाच बोलायला येत नाही.

तिच्या पलीकडचा वाफा सबनीसांचा. सबनीस बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या वाफ्यातलं सगळं ओळीत. दोन रोपांमधलं अंतर ते टेपनं मोजायचे. हद्दीची दोरी सैल पडली की स्वतः ताणायचे, आणि ताणून झाली की बोटानं वाजवून बघायचे. माणूस वाईट नव्हता. पण कोणाशीही बोलले की समोरच्याला वाटायचं, आपल्या सहीत काहीतरी खोट निघाली आहे.

जागेच्या मालकानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, दोरीबाहेर जे जाईल ते पलीकडच्यानं कापायचं, तक्रार चालणार नाही. नियम बरोबर होता. नाहीतर रोज भांडणं झाली असती.

वानखेडेबाईनं त्या वर्षी पावसाच्या सुरुवातीला एक वेल लावला. तिच्या बाजूला पाण्याच्या टाकीची सावली पडायची, ऊन सबनीसांकडे. वेल उन्हाकडे निघाला. तिनं दोनदा त्याचं तोंड वळवून आपल्या वाफ्यात घेतलं. तिसऱ्यांदा तो दोरीखालून गेला.

त्या दिवसांत मी तिथं नव्हते. माझ्या मुलीचा पाय मोडला म्हणून मी तिच्याकडे कात्रजला जाऊन राहिले होते. पुढचं मला नंतर दोघांनीही सांगितलं आणि दोघांचं सांगणं जुळलं, म्हणून खरं मानते. सबनीस कात्री घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, ही दोरी आपल्याला दिसते ना?" ती म्हणाली, दिसते. "वेलाला दिसत नाही वाटतं." ती म्हणाली, "वेलाले डोळे नसतात, भाऊ. तुमाले हायेत. राहू द्या. पहिलं कोहळं तुमचं."

कोहळा म्हटल्यावर सबनीस थांबले. त्यांची बायको दर उन्हाळ्यात कोहळ्याचे सांडगे घालायची, आणि आदल्या वर्षी मंडईतून आणलेला कोहळा आतून काळा निघाला होता. घरच्या वेलाचा कोहळा म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांनी कात्री खिशात घातली. एवढंच नाही, त्यांनी वेलासाठी आपल्या पालकाची एक ओळ काढली. साहेबानं ओळ मोडली, म्हणजे बघा.

मी परत आले तोवर वेल त्यांचा अर्धा वाफा व्यापून बसला होता आणि त्यात एक फळ धरलं होतं, नारळाहून मोठं, हिरवं. वानखेडेबाई दोरीच्या अलीकडे उकिडवी बसून त्याच्याकडे बघत होती. मी विचारलं, एवढं काय बघता? तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या सासूनं गावच्या घरामागं हा वेल लावला होता. दरवर्षी त्याच्याच फळातलं बी ठेवून पुढच्या वर्षी तोच लावायचा, असं सासूच्या आणि तिच्या हातून चालत आलं होतं. घर विकलं. घेणाऱ्यानं मागची सगळी जागा फरशी घालून बंद केली. सामान पुण्यात येईपर्यंत बियांच्या डब्यात उंदीर शिरले. जे वाचलं ते तिनं पेरलं, त्यातलं एकच उगवलं. वेलाला फळं बरीच धरली, पण पावसात एकेक कुजून गळलं.

"हे एकच राहिलं," ती म्हणाली. "नि नेमकं तिकडं. नि पहिलं त्याईले कबूल करून बसली मी."

मी म्हटलं, मग नाही म्हणून सांगा. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा ते बोलले नाही.

सबनीस आले. मला पाहून खूष होऊन म्हणाले, "या, मंदाताई. यंदा आमच्याकडे कोहळ्याचे सांडगे बरं का." मी वेलाकडे पाहिलं. पानांवर पांढरे ठिपके, फळाला उभ्या खाचा. मी आयुष्यभर लोकांच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरल्या. मी म्हटलं, "सबनीस, हा भोपळा आहे. लाल भोपळा."

ते म्हणाले, "नाही, कोहळा. बाईंनीच सांगितलंय."

मी वानखेडेबाईकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, हो, कोहळंच. मग मी तिला विचारलं की आपला तो वरून पांढरी भुकटी असलेला, नवीन घराच्या दाराशी बांधतात, त्याला काय म्हणता? तर त्याला त्यांच्याकडे दुसरंच काही नाव. आणि ज्याची घारी करतात, आतून नारिंगी असतो तो? "तेच नं कोहळं," ती म्हणाली. "हे काय समोर."

सबनीसांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशीही चढवला नाही. फक्त म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस भोपळ्याला पाणी घातलं." आणि मग, "रविवारी वेल काढतो. नियम आहे."

फळ अजून कच्चं होतं. सालीत नख रुतत होतं. देठ वाळल्याशिवाय आतलं बी भरत नाही, आणि त्याला अजून कितीतरी आठवडे होते. तिच्या मुलानं ऐकलं तेव्हा तो म्हणाला, आई, भोपळा बाजारात मिळतो, हवे तेवढे आणून देतो.

रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. ही माझ्या आधी येऊन बसली होती. दोरीच्या तिच्या बाजूला, अगदी दोरीला गुडघे टेकवून, मांडी घालून. पलीकडे हात नाही, पाय नाही. सबनीस कात्री घेऊन आले. तिला पाहिलं. विचारलं, "हे काय, उपोषण वगैरे?"

"नाई जी. जेवून आली."

"मग?"

"बसली."

सबनीस वेलापाशी उभे राहिले. कात्री उघडली, मिटली. मग वळून आपल्या घेवड्याच्या वाळक्या फांद्या कापायला लागले. खूप वेळ कापत होते. घेवड्याची पार हजामत झाली.

दुसऱ्या दिवशीही ती बसली. तिसऱ्या दिवशीही. नुसती बसत नव्हती. लसूण सोलायची, तूर निवडायची, एकदा तर सुनेचा स्वेटर उसवून नवा विणायला घेतला तिथं. पण उठायची नाही. विनवणीही करायची नाही. सबनीस रोज कात्री घेऊन येत आणि त्यांच्या वाफ्यातलं दुसरं काहीतरी कापलं जाई. मला वाटतं त्या दिवसांत त्यांच्या वाफ्यात कापण्यासारखं काही उरलं नाही. आजूबाजूचे लोक रविवारी मुलाबाळांना घेऊन बघायला यायचे. एक जण सबनीसांना म्हणाला, साहेब, मालकाला फोन करा, नियमच आहे. सबनीस त्याला म्हणाले, "माझ्या वाफ्याचं मी बघीन. आपण आपली मिरची बघावी, माव्याची कीड पडलीय." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की वेल कापला जाणार नाही.

मग हस्ताचा पाऊस आला. दोन दिवस सारखा पडला. सबनीसांचा वाफा उताराला, पाणी तिथं साचायचं. वानखेडेबाई छत्री घेऊन, साडी खोचून आली. फळ चिखलात बसलं होतं, एक बाजू मऊ पडायला लागली तर संपलंच. तरी ती दोरी ओलांडेना. मी म्हटलं, अहो, सबनीस इथं नाहीत, जा की पलीकडे. ती म्हणाली, "नसले म्हणून काय झालं."

तेवढ्यात सबनीस आलेच. रेनकोट घातलेला आणि काखेत पाट. घरातला, जेवायला बसायचा, चांगला शिसवी पाट. ते चिखलात उतरले, दोन्ही हातांनी फळ अलगद उचललं, देठाला पीळ पडू न देता, आणि पाटावर ठेवलं. वर पोत्याचं झाकण केलं. हात पुसत आमच्याकडे बघून म्हणाले, "कुजला तर वास माझ्या वाफ्यात सुटेल. म्हणून."

"बरोबर हाये," वानखेडेबाई म्हणाली.

भोपळा पाटावर बसला तो देठ वाळेपर्यंत. दिवाळीच्या आधी एका सकाळी तिनं सबनीसांना हाक मारून सांगितलं, नख लावून बघा. त्यांनी लावलं. रुतलं नाही. मग तिनं पहिल्यांदा दोरी ओलांडली, त्यांना विचारून. देठ कापला, फळ उचललं, पदरानं पुसलं आणि सबनीसांच्या पायाशी ठेवलं.

"घ्या भाऊ. पहिलं कोहळं तुमचं."

मला धक्का बसला. मला वाटलं होतं, इतकं झाल्यावर आता तो विषय सुटला. एकच फळ, त्यातच सगळं बी, आणि ही ते देऊन मोकळी होते आहे. तिचा चेहरा मात्र बाजारात भाव ठरल्यावर असतो तसा.

सबनीसांनी फळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला कोहळा कबूल केला होता. हा भोपळा आहे. हा माझा नव्हे."

"माह्या तोंडून कोहळं निघालं. थे हेच."

"माझ्या कानांनी कोहळा ऐकला. तो हा नाही."

"शब्द मी देल्ला. कशाचा देल्ला ते मले ठाऊक."

"आणि घेतला मी. काय घेतलं ते मला ठाऊक. बाई, न ठरलेली वस्तू मी आयुष्यात कधी स्वीकारली नाही, आता निवृत्तीनंतर सुरू करणार नाही."

अशी दोघं भांडत होती. ती म्हणे तुमचं, ते म्हणत तुमचं. मी पुष्कळ भांडणं पाहिली आहेत, पण वस्तू घ्या म्हणून एवढं तोडून बोलणारी माणसं पाहिली नव्हती. ऊन वर आलं. शेवटी ती म्हणाली की गर तुमचा, बी माझं, मग शब्दही राहतो. सबनीसांनी विचार केला. म्हणाले, गर भोपळ्याचा म्हणून घेतो, कोहळ्याचा म्हणून नाही. ती म्हणाली, काय म्हणायचं ते म्हणा.

आता फोडायचं कोणी? अखंड कोहळा बाईमाणसानं पहिला कापू नये, भोपळाही नाही, असं आमच्याकडे मानतात. तिच्याकडेही तेच. म्हणजे त्या एका गोष्टीत दोघी सारख्या निघालो. मी सबनीसांच्या हातात सुरी दिली. त्यांनी जन्मात कधी काकडी चिरली नसावी. सुरी घातली ती अर्ध्यात अडकली, मागं येईना, पुढं जाईना. ते दोन्ही हातांनी ओढायला लागले, भोपळा बरोबर यायला लागला. वानखेडेबाईनं थोडा वेळ बघितलं. मग त्यांच्या हातून भोपळा सुरीसकट घेतला, डोक्याच्या उंचीएवढा उचलला आणि टाकीच्या दगडी कट्ट्यावर सोडून दिला.

फटकन दोन तुकडे झाले. आत लालभडक.

"झालं," ती म्हणाली. "कोणी कापलाच नाई."

ती तिथंच बसून बी काढायला लागली. एकेक बी बोटांत दाबून बघायची, भरलेलं असेल ते पदरात. सबनीस गराचे तुकडे पिशवीत भरत होते. मधेच तिनं मूठभर बी त्यांच्यापुढे केलं. ते म्हणाले, मी काय करू याचं? ती म्हणाली, लावा. आणि दोरीच्या आत ठेवा. सबनीस त्या दिवशी हसले. मी पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं ते. त्यांच्या बायकोनं त्या भोपळ्याच्या घाऱ्या केल्या आणि आम्हा दोघींकडे पाठवल्या. चांगल्या झाल्या होत्या, तेल जरा जास्त होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मालकानं जमीन बिल्डरला दिली. आम्हाला निरोप फोनवरून आला. आठवड्याभरात भोवती पत्रे लागले. मी माझं खुरपं आणायला गेले तोवर आत मशीन फिरून सगळं सपाट झालं होतं, निळ्या दोरीचे तुकडे मातीत. सबनीसांनी गॅलरीत कुंड्या मांडल्या. मी काहीच केलं नाही. सुनेला बोलणं परत सुरू केलं, तिनंही केलं.

वानखेडेबाईच्या मुलाला कोणीतरी सांगितलं, आईला आता सवय होईल. मला ते खरं वाटलं नाही. पण फोन करून विचारावं असं आमच्यात कधी नव्हतंच.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी डॉक्टरांकडे जायला रिक्षानं निघाले होते. आमच्या जुन्या जागेवरून रस्ता जातो. पत्र्याच्या कुंपणाला एक फट होती, आणि फटीतून आत वॉचमनची झोपडी दिसत होती, चार पत्र्यांची. झोपडीमागं वानखेडेबाई बसली होती. अनवाणी. वॉचमनची बायको कडेवर पोर घेऊन उभी होती आणि ही तिला हातवारे करून काहीतरी समजावत होती. वेल कुठून चढेल, छपरावर कसा जाईल, असं असावं. मग तिनं खुरपं घेतलं आणि खड्डा करायला लागली.

रिक्षा तिथंच खड्ड्यामुळे हळू झाली होती. रिक्षावाल्यानं माझं लक्ष बघून विचारलं, "थांबवू का, आजी? ओळखीच्या आहेत का?"

मी म्हटलं, "आहेत. चला तुम्ही. ती कामात आहे."